दुमजली बसची रंगसंगती (ब्रिटन)

बस चालवणाऱ्या कंपनीची ओळख पटवणारे रंग, पट्टे, अक्षरे व बोधचिन्ह यांची ठरीव मांडणी. इंग्लंडात तिला ‘लिव्हरी’ म्हणतात. मालक बदलला की रंग बदले, म्हणून जुन्या गाडीचा काळ रंगावरून ठरवण्याची पद्धत आहे. मात्र रंगावरून कळते ते लेपाचे वय, गाडीचे नव्हे.

लंडनच्या लाल रंगाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. घोड्यांच्या बसच्या काळात रंग मार्गावरून ठरे. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने १९०७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांत उठून दिसण्यासाठी गाड्या लाल केल्या, हे प्रचलित मत. दुसऱ्या मतानुसार लाल रंग मूळचा ‘व्हॅनगार्ड’ या प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाड्यांचा असून १९०८ च्या विलीनीकरणातून तो जनरलकडे आला. विलीनीकरणाच्या सुमारास तो सर्वत्र रूढ झाला, एवढे मानणे अधिक सुरक्षित. १९३३ मध्ये लंडन ट्रान्सपोर्ट स्थापन झाल्यावर शहरात लाल आणि बाहेरच्या भागात व ‘ग्रीन लाइन’ या लांब पल्ल्याच्या बससेवेवर हिरवा अशी वाटणी झाली. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत हे दोन्ही रंग जवळजवळ सारखेच करडे उमटतात. तेथे मार्गफलक व कंपनीचे नाव वाचूनच निर्णय करावा.

रूटमास्टर (१९५४–६८, एकूण २,८७६) या लंडनच्या ॲल्युमिनियमच्या दुमजली गाडीवर दोन मजल्यांमधला पट्टा आधी फिकट पिवळसर, पुढे करडा व १९७० च्या दशकात पांढरा झाला. गाड्या पाळीपाळीने रंगवल्या जात, म्हणून पट्ट्यावरून दशक सांगता येते, वर्ष नाही. वजन व खर्च वाचवण्यासाठी आरएम ६६४ ही गाडी १९६१ मध्ये बिनरंगी ठेवली. पत्रे डागाळून एकमेकांशी विसंगत दिसू लागले आणि १९६५ च्या सुमारास तिलाही लाल रंग चढला. ब्रिटिश युरोपियन एअरवेज या विमानकंपनीच्या ६५ रूटमास्टर गाड्या आधी निळ्या-पांढऱ्या व नंतर नारिंगी-पांढऱ्या होत्या.

नॅशनल बस कंपनी या सरकारी कंपनीने १९७२ पासून उपकंपन्यांवर दोनच मुख्य रंग लादले : पॉपी लाल किंवा पानाचा हिरवा. हा लाल उन्हाने फिका पडून गुलाबीकडे झुके. २६ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनबाहेरची बससेवा स्पर्धेसाठी खुली झाली, तेव्हा लंडनने विकलेल्या रूटमास्टर स्कॉटलंडमधील क्लाइडसाइड कंपनीकडे लाल-पिवळ्या, स्ट्रॅथटे कंपनीकडे निळ्या-नारिंगी झाल्या. खुद्द लंडनमध्ये १९९३ साली मार्ग १९ वर केंटिश बस या कंपनीचा मरून व क्रीम रंग दिसला. खाजगीकरणानंतर मध्य लंडनसाठी ८० टक्के लाल रंगाची अट आली.

थर तपासणी : दाराच्या चौकटीची आतली कड किंवा जाहिरातफलकाच्या पट्टीखालची जागा निवडावी. खालचे बाजूचे पत्रे धडकेनंतर बदललेले असतात, ते टाळावे. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढे वर्तुळ घासावे व १२०० ने कडा उतरत्या कराव्यात. थर झाडाच्या वलयांसारखे उघडे पडतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये. लालांच्या मध्ये चंदेरी थर आढळल्यास तो बॉडीशेल (गाडीचा बाहेरचा सांगाडा) राणी एलिझाबेथच्या १९७७ च्या राज्यारोहण-रौप्यमहोत्सवासाठी रंगवलेल्या २५ गाड्यांपैकी असण्याचा संभव मोठा. गाडीचा क्रमांक मात्र त्या पंचवीसांत नसेल तरी गोंधळू नये : लंडन ट्रान्सपोर्टच्या ऑल्डनहॅम येथील कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी बॉडीची अदलाबदल होई आणि बाहेर पडणाऱ्या बॉडीला दुसऱ्याच गाडीची पाटी लागे.