अनुकृतीतून तैलव्यक्तिचित्रण

जुन्या उस्तादाच्या तैलचित्राची प्रत काढत व्यक्तिचित्रण शिकण्याची पद्धत. चेहरा हुबेहूब उतरणे हा तिचा दुय्यम लाभ. खरे शिक्षण असते ते रंगाचे थर कोणत्या क्रमाने चढले हे उलगडण्यात. रुबेन्ससारख्या नावारूपाला आलेल्या फ्लेमिश चित्रकारानेही पन्नाशी ओलांडल्यावर, १६२८-२९ मध्ये, माद्रिदच्या राजसंग्रहातली आधीच्या शतकातला व्हेनिसचा उस्ताद तिशियन याची चित्रे उतरवली होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अनुकृतिकारांना आजही चित्रासमोर घोडी (कॅनव्हास टेकवायची लाकडी चौकट) मांडता येते. मात्र प्रत मूळ मापाची काढू देत नाहीत.

सरावासाठी डच चित्रकार रेम्ब्रांटचे सुमारे १६२८ चे छोटे आत्मचित्र फार उपयोगी आहे. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असून जेमतेम वीतभर उंचीचे आहे. उजेड मान, गाल आणि नाकाच्या शेंड्यावर पडतो. डोळे मात्र जवळजवळ पूर्ण सावलीत आहेत. नवशिक्याचा हात इथेच फसतो. डोळे आहेत हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो बुबुळे आणि पापण्या स्पष्ट काढतो आणि सावली मरते. दिसते तेवढेच रंगवायचे, हा धडा या दोन डोळ्यांइतका नेमका क्वचितच मिळेल. कपाळावरच्या कुरळ्या बटा तर रंगवलेल्याच नाहीत. ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडून काढल्या आहेत.

कामाला सुरुवात करताना चौकटी आखून रेखाटन कॅनव्हासवर घेतात. त्यावर टर्पेन्टाइनने पातळ केलेल्या अंबरने (मातकट तपकिरी रंगाने) छायाप्रकाशाची मांडणी होते. मग अंगाचे रंग. सावल्या पातळ व पारदर्शक ठेवायच्या, उजेडाच्या जागी पांढऱ्याचा जाड लेप द्यायचा. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवे. उलट झाले तर कालांतराने रंगाला तडे जातात.

छापील चित्रावरून काम करताना मोठी अडचण येते ती जाडीची: छपाईत सगळे थर सपाट होतात. म्हणून निदान एकदा तरी खऱ्या तैलचित्रापुढे उभे राहायला हवे, आणि गोव्यातल्या विद्यार्थ्याला ती सोय घराजवळ आहे. सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवले. ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ असा त्यांचा लौकिक होता. पणजीत फोंतेन्हास भागातील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे. आल्तिनो टेकडीवरचे गोवा कला महाविद्यालय (स्थापना १९७२) तिथून फार लांब नाही. चित्र समोरून तर बघावेच, पण बाजूने, तिरप्या उजेडातही बघावे. रंग कुठे दाट बसला आहे आणि कुठे नुसता पुसट फिरवला आहे, ते तेव्हाच कळते.

जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या चित्रांची मोठी मालिका आहे. ती त्यांपैकीच एक, जुआंव द कास्त्रो, यांनी १५४७ मध्ये सुरू करवली. इतिहासकार गास्पार कोरैया यांच्या मदतीने एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रे केली. त्या चित्रकाराचे नाव नोंदले गेले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. पुढे डागडुजी म्हणून यांतली चित्रे पुन्हा पुन्हा रंगवली गेली आणि मूळ हात नव्या थरांखाली गेला. अनुकृती करणाऱ्याने ही दालने सावकाश पाहावीत.

गोव्याच्या हवेत ऋतूही सांभाळावा लागतो. जवसाच्या तेलातला रंग हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम रेंगाळते आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. त्यामुळे थरांचे काम पाऊस सरल्यावर घेणे बरे. वार्निश मात्र जाड लेप असल्यास सहा महिने ते वर्षभर थांबूनच द्यावे. प्रतीवर मूळ चित्रकाराची सही उतरवू नये. मागे ‘रेम्ब्रांटच्या चित्रावरून’ असे लिहून स्वतःचे नाव आणि साल घालावे.