लीडरशिप प्रोग्रॅम वेगळा, राइट्स ऑफ पॅसेज वेगळं

अमेरिकेतल्या ब्लॅक टीनएजर्ससाठीचे लीडरशिप प्रोग्रॅम आणि राइट्स ऑफ पॅसेज, म्हणजे मोठं होतानाचे संस्कार-समारंभ, यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सगळं सारखंच हो, एकात टाय घालतात, दुसऱ्यात आफ्रिकन कुडते." नाही हो, नसतं सारखं. आणि कपडे सोडा, तो मुद्दाच नाही.

लीडरशिप प्रोग्रॅम म्हणजे काय ते मी सांगायला नको, व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात आपल्या सगळ्यांनाच कधी ना कधी ढकललेलं असतं. भाषण कसं करायचं, इंटरव्ह्यू कसा द्यायचा, कॉलेजचे फॉर्म, सोबतीला एक मेंटॉर. १९६३ मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेलं 'हंड्रेड ब्लॅक मेन' हे यातलं जुनं नाव, पोरं जे बघतात तेच होतात असं त्यांचं ब्रीद. ओबामांचं २०१४ चं 'माय ब्रदर्स कीपर' पण ढोबळमानाने याच रांगेतलं, जरी ते फक्त ब्लॅक मुलांसाठी नव्हतं. इथे प्रश्न एकच, तू पुढे कोण होणार?

राइट्स ऑफ पॅसेजमध्ये प्रश्न असतो, तू कुणाचा?

आता इथेच आपली माणसं घसरतात. त्यांना वाटतं हे म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी शाळेसारखं, संस्कृती जपायची वगैरे. अहो, मराठी शाळेतल्या पोराला आडनाव असतं, गाव असतं, कुलदैवत असतं, व्हिडिओ कॉलवर आजी असते. त्र्यंबकेश्वरला गेलात तर गुरुजी वही काढून पणजोबांचं नाव दाखवतात. आहे ते फक्त पुढच्या हातात द्यायचंय. या मुलांचं तसं नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी असायची, त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग, बहुतेकांचं नावच नाही. नावानिशी नोंद झाली ती थेट १८७० मध्ये, म्हणून घराण्याचा शोध घेणारे बरेच जण तिथे येऊन अडकतात. म्हणजे हे जपणं नाहीच, तुटलेलं परत जोडणं आहे, आणि जिथे तुकडाच सापडत नाही तिथे नवीन घडवणं आहे.

म्हणूनच ब्लॅक चळवळीतले नेते मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकनांसाठी क्वान्झा सण सुरू केला तेव्हा त्याच्या सात तत्त्वांना नावं दिली स्वाहिली. लगेच हुशार लोक म्हणतात, यांचे पूर्वज तर पश्चिम आफ्रिकेतले, स्वाहिली पूर्वेची, मग हे खोटंच की! अरे पण ते माहीत असूनच घेतलंय ना, एका जमातीची नाही म्हणूनच तर ती भाषा निवडली. त्यातलं 'कुजिचागुलिया' हे तत्त्व सांगतं की आपण कोण हे आपणच ठरवायचं. बरेच राइट्स ऑफ पॅसेजवाले हीच सात तत्त्वं धरून शिकवतात.

समारंभात काय होतं बघा. सुरुवात करायची तर आधी ज्येष्ठांची परवानगी घ्यायची. मग कुणीतरी वडीलधारं माणूस तांब्यासारख्या भांड्यातून कुंडीतल्या मातीत थोडं थोडं पाणी सोडतं, एकेका पूर्वजाचं नाव घेतं, आणि प्रत्येक नावाला सगळे म्हणतात "आशे", म्हणजे तथास्तु. आपल्याला तर्पण आठवणारच. फक्त इथे नावं लवकर संपतात, मग ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठीही पाणी सोडतात.

आणि प्लीज "म्हणजे मुंजच की" म्हणू नका. मुंज जात बघून होते आणि मुलगा आयता बसतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली 'ब्रदरहुड सिस्टर सोल' ही संस्था घ्या, १९९५ पासून चालू आहे, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे छोटे गट, वर्षानुवर्षं एकत्र. पुरुष म्हणजे काय, बहीण म्हणजे काय, लीडर म्हणजे काय हे पोरं आपसात भांडून स्वतः लिहितात. हो, लीडर हा शब्द तिथेही येतो, गोंधळ होतो तो त्यामुळेच.

फी, गणवेश, शनिवार की रविवार, हे फरक किरकोळ. दोन्हीत एकच निवडायचं असेल तर मी आधी राइट्स ऑफ पॅसेजच निवडेन, टाय काय नंतरही बांधता येते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या सरकारी शाळांनी २०१० पासून हे दोन्ही एकत्र करायला घेतलं, ब्लॅक मुलग्यांसाठी शाळेच्या टाइमटेबलातच तास, शिकवायला ब्लॅक पुरुष शिक्षक. नंतर शाळा अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचं संशोधनातही दिसलं. आता गंमत बघा, या क्लासचं कौतुक करतानाही सगळे हाच आकडा सांगतात. मुलाला आपण कुणाचे ते कळलं का, याला कॉलमच नाही.