गुलाबांतला तरुण: पार्श्वभूमी
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या या चित्राला मराठीत ‘लघुचित्र’ म्हणतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. चित्र लहान आहे, जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर उंच. पण मूळ शब्दाचा लहानपणाशी संबंध नाही. ‘मिनिएचर’ आला लॅटिन ‘मिनियम’वरून, आणि मिनियम म्हणजे शिशाचा तांबडा रंग, आपला शेंदूर. युरोपातल्या पोथ्यांमधली आद्याक्षरे त्याने रंगवत, त्या कामाचे नाव पुढे चित्रांना चिकटले. ‘मिनी’शी उच्चार जुळला म्हणून लहानपणाचा अर्थ मागाहून आला, आणि आपण भाषांतर केले ते त्या मागाहून आलेल्या अर्थाचे. ‘पोथीचित्र’ म्हटले असते तर कुळाशी प्रामाणिक राहिलो असतो. खुद्द चित्रकार निकोलस हिलियार्ड या कामाला ‘लिम्निंग’ म्हणे. तोही पोथी सजवण्यावरूनच आलेला शब्द. हिलियार्ड मुळात सोनारकाम शिकलेला. पत्त्याच्या पानावर चिकटवलेल्या पातळ चर्मपत्रावर जलरंगांनी काम करण्याची त्याची रीत होती.

चित्रावर नाव नाही. झाडाला टेकलेला तरुण, छातीवर हात, खांद्यावर काळा झगा, भोवती पांढऱ्या रानगुलाबाच्या काटेरी फांद्या. काळा-पांढरा हे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे रंग, रानगुलाबही तिचेच चिन्ह. वर लॅटिन ओळ आहे: वाखाणलेली निष्ठाच शिक्षा भोगायला लावते. रोमन कवी ल्यूकनच्या महाकाव्यात हे शब्द पराभूत रोमन सेनापती पॉम्पे इजिप्तच्या आश्रयाला येतो तेव्हाचे आहेत.

1910 मध्ये एका संग्राहकाच्या मृत्युपत्राने चित्र संग्रहालयाकडे आले, तेव्हा हा तरुण अनामच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी त्याला एसेक्सचा दुसरा अर्ल रॉबर्ट डेव्हरू ठरवले. 1586 मध्ये नेदरलंड्समधल्या झुटफेनला लढलेला आणि 1587 मध्ये, बाविशी गाठताना, राणीच्या अश्वशाळेचा प्रमुख झालेला हा उमराव. चित्राचा काळही साधारण तोच मानतात. मात्र एसेक्सची ओळखीची चित्रे 1596 च्या स्पेनमधल्या कादिझ मोहिमेनंतरची आहेत, आणि त्यांत भरघोस चौकोनी दाढी आहे. इथे मिसरूड नुकतेच फुटलेले. दाढीआडचा चेहरा ताडून पाहणार कसा, हा शंकेखोरांचा मुद्दा खोडता येत नाही. तरी राणीचे रंग, राणीचा गुलाब आणि सेनापती पॉम्पे हे तिन्ही राणीच्या पदरी असलेल्या, लढाई पाहिलेल्या या एकाच माणसावर येऊन थांबतात, हे मला जास्त वजनदार वाटते. ‘बहुधा एसेक्स’ असेच आजही लिहितात, आणि त्या ‘बहुधा’ला कोणी हात लावत नाही.

आयर्लंडच्या मोहिमेत फसलेला हा अर्ल 1601 च्या फेब्रुवारीत राजद्रोहासाठी शिरच्छेदाला गेला. चित्रातली ओळ तेव्हा साधारण तेरा-चौदा वर्षांची जुनी होती.