टंच मशीनची चिठ्ठी आणि फायर असे: दोन्ही एकच नव्हेत

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगावच्या सराफ बाजारात तेच वाक्य पुन्हा कानावर पडतं: "मशीनवर ९१.६ आलंय, म्हणजे हॉलमार्कच की!" नाही. साफ चूक.

टंच म्हणजे सोन्याची टक्क्यांतली शुद्धता; ती मोजणारं टंच मशीन सगळ्यांनी पाहिलंय. डाग (दागिना) ठेवला, झाकण लावलं, मिनिटभरात चिठ्ठी. हॉलमार्कमागे असते ती फायर असे (fire assay), म्हणजे भट्टीत तापवून केलेली सोन्याची परीक्षा; तिला वेळ नि खर्च जास्त आणि नमुना कापावा लागतो. हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक खोलीचा. मशीन डागावर क्ष-किरण सोडतं. त्याने प्रत्येक धातू आपले ठरावीक किरण बाहेर टाकतो, ते मोजून टक्के निघतात. पण सोनं इतकं घन, की आतले किरण ते स्वतःच गिळतं. बाहेर पोचतात ते वरच्या काही मायक्रॉनांतले, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या भागातले. आकडा त्या सालीचा असतो, डागाचा नव्हे. मुलामा तर सोडाच, कारागीर उजाळ्यासाठी डाग तापवून तेजाबात टाकतो तेव्हाही वरचं तांबं निघून जातं, पृष्ठभागावर सोनं दाट उरतं आणि कुणी लबाडी न करता टंच चढतो. किरण झाळीवर (सांध्याच्या डाकावर) पडला तर उलट घसरतो. पोकळ पाटल्यांतली लाख मशीनला दिसतच नाही. अशा चिठ्ठीवर '९१.६३' असे दोन दशांश छापलेले पाहिले की मला संताप येतो. लोक त्या दशांशांवर विश्वास ठेवून सौदा करतात.

फायर असेत नमुना तोलतात, चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांच्या वर भट्टीत ठेवतात. शिसं तांब्याला सोबत घेऊन सच्छिद्र वाटीत मुरतं. उरलेला मणी ठोकून, लाटून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की चांदी विरघळते. राहिलेलं सोनं पुन्हा तराजूवर. इथे सोन्याचं थेट वजनच होतं.

तीही पद्धत सर्वज्ञ नाही. इरिडियम, रुथेनियम हे धातू नायट्रिकला दाद देत नाहीत, ते सोन्यातच मोजले जातात. तिथे मशीन उपयोगी पडतं. म्हणून हॉलमार्किंग केंद्रात आधी मशीनवर तपासणी होते, मग नमुन्याची फायर असे.

मोडीसाठी, म्हणजे जुना डाग विकताना, माझं मत पक्कं आहे: न आटवलेल्या डागाच्या चिठ्ठीवर भाव ठरवू नका. लाख, मीना, दोरा काढून वजन करा, डाग समोर आटवून घ्या, त्या आटवलेल्या गोळ्याचं, म्हणजे लगडीचं, पुन्हा वजन करा आणि टंच लगडीचाच काढा. आटवलेलं सोनं आतबाहेर बरंचसं सारखं असल्याने तिथे मशीनचा आकडा कामाचा. नवा डाग घेताना चिठ्ठी मागूच नका. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह, २२के ९१६ (२२ कॅरेट, ९१.६ टक्के) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा ओळख क्रमांक, पाहा. तो १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळा.