एनएच ४ : आपला जुना आणि अंदमानचा आत्ताचा

अंदमानची सहल करून आलेला माझा कराडचा मामेभाऊ सांगत होता, "तिथंही एनएच ४ आहे, पाटी बघितली मी." घरात कुणाचा विश्वास बसेना. एनएच ४ म्हणजे कराडवरून कोल्हापूरला जाणारा रस्ता, तो समुद्रापलीकडं कसा जाईल? भाऊ खरंच सांगत होता. घरच्यांचं म्हणणंही २०१० पर्यंत बरोबरच होतं.

जुना एनएच ४ ठाण्याजवळ एनएच ३ पासून फुटायचा आणि पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत चेन्नईला जायचा. लांबी सव्वाबाराशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला बोरघाटाचा तुकडा तर फार जुना. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली तिथला गाडीरस्ता खुला झाला. (पुण्याचा एक्सप्रेस वे यात धरू नका. तो नंतरचा, वेगळा. आपण ज्याला 'जुना हायवे' म्हणतो, तो एनएच ४.)

२०१० मध्ये केंद्र सरकारनं देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानं लावले. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडं वाढणारे. म्हणून कोकणातला एनएच १७ आता ६६ आहे. पश्चिम किनाऱ्याला आकडा मोठाच येणार. आणि अंदमान तर कोलकात्याच्याही पूर्वेला, त्यामुळं तिथल्या दक्षिणोत्तर रस्त्याच्या वाट्याला लहान सम आकडा आला, ४.

हा आत्ताचा एनएच ४ म्हणजे अंदमान ट्रंक रोड, पूर्वीचा एनएच २२३. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) उत्तरेला दिगलीपूरकडं जातो. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवतात आणि ठरलेल्या वेळी ताफ्यानंच पुढं सोडतात. जंगलात थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. पुढं खाडी आली की गाडी बार्जवर चढवून बाराटांगला उतरवायची. आपल्याकडं हायवेला चहाला थांबायची सवय. तिथं ती सोडावी लागते.

मग आपल्या रस्त्याचं काय झालं? मुंबईपासून बेंगळुरूपर्यंत तो एनएच ४८ झाला. पण 'जुना ४ म्हणजे नवा ४८' हे समीकरण पुरतं जुळत नाही. नवा ४८ दिल्लीहून निघतो, म्हणजे दिल्ली-मुंबईचा जुना एनएच ८ त्याच्याच पोटात आहे. बेंगळुरूनंतरही दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. जुना ४ कोलार-चित्तूरवरून जायचा, नवा ४८ होसूर, कृष्णगिरी, वेल्लोरवरून जातो, आणि राणीपेटच्या आसपास दोन्ही वाटा पुन्हा एक होतात.

जुन्या खरेदीखतात किंवा भूसंपादनाच्या नोटिशीत 'रा. म. ४ लगत' असं दिसलं, तर आधी कागदाचं साल बघा. तोंडी बोलण्यात मात्र सालाचा उपयोग नाही. सातारा-कोल्हापूरकडं आजही धाब्याचा पत्ता 'एनएच फोरला' असाच सांगतात. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड रंगवणाऱ्याचं काम तेवढं सोपं झालं असणार : ४ होताच, पुढं ८ काढला की झालं.