ऑनलाइन विद्यार्थ्यांचा सपोर्ट आला कुठून?

ऑनलाइन डिग्री करणाऱ्यांना आज युनिव्हर्सिटीकडून बरंच काही मिळतं, घरबसल्या लायब्ररी, ट्यूटर, टेक हेल्पडेस्क, समुपदेशन, करिअर गायडन्स, अपंग विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ वगैरे, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं इंटरनेट आल्यावर सुरू झालं. तसं नाहीये, याची मुळं पोस्टाच्या काळात आहेत.

१८४० मध्ये इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी पोस्टाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. विद्यार्थ्याने उतारा लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. माझ्या मते सगळ्या सपोर्टचा गाभा तो परत येणारा कागदच. याच्या उलट १८५८ ला लंडन युनिव्हर्सिटीने आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या, पण फक्त परीक्षा, अभ्यास ज्याचा त्याने बघायचा, आणि मग ती उणीव भरून काढायला खाजगी करस्पॉन्डन्स कॉलेजं निघाली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते बोस्टनमधलं काम. १८७३ मध्ये ॲना टिकनर यांनी घरी बसून शिकणाऱ्या बायकांसाठी एक सोसायटी काढली, तेव्हा बहुतेक कॉलेजांची दारं बायकांना बंदच होती. इथे प्रत्येकीला पत्राने शिकवणारी एक बाई ठरलेली असायची, दर महिन्याला पत्र यायचं जायचं, पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर सोसायटीच्या लायब्ररीतून पोस्टाने घरी यायची. म्हणजे ट्यूटर आणि लायब्ररी दोन्ही, तेही १८९७ पर्यंत, आणि शिकवणाऱ्या बायका हे काम बिनपगारी करत होत्या!

युनिव्हर्सिटीच्या पातळीवर खरा बदल केला ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने. १९७१ ला तिथे शिकवणं सुरू झालं, टीव्ही-रेडिओवरचे लेक्चर लोकांच्या लक्षात राहिले, पण टिकाव लागला तो ट्यूटर, काउन्सेलर, जवळची स्टडी सेंटर आणि असाइनमेंटवर लिहून येणाऱ्या शेऱ्यांमुळे. पुढे तर पहिल्या वर्षी शिकवणारा ट्यूटरच डिग्री होईपर्यंत काउन्सेलर म्हणून सोबत राहील अशी सोय केली. तिथल्याच डेव्हिड सेवर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलं की छापील साहित्य कितीही चांगलं असलं तरी संस्था आणि विद्यार्थी यांच्या मध्ये एक माणूस लागतोच. जर्मनीत हागेन शहरात, भारतात इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), अशा बऱ्याच ठिकाणी मुक्त विद्यापीठं निघाली आणि स्टडी सेंटरची पद्धत पसरली.

मग इंटरनेट आलं आणि परत तेच, आधी कंटेंट, माणूस नंतर. २०११ ला स्टॅनफर्डच्या एका मोफत एआय कोर्सला साधारण १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला सुमारे २३,००० जणांनी. त्यातले कितीतरी नुसते बघायला आले असणार हे मान्य, पण एवढ्या लोकांना एकेकाला उत्तर द्यायला माणसं कुठून आणणार हा प्रश्न होताच. तिकडे त्याआधीच, १९९९ मध्ये, वेबसाइट अपंगांना वापरता याव्यात म्हणून पहिले डब्ल्यूसीएजी नियम आले, त्यामुळे कॅप्शन आणि स्क्रीन रीडरचा (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) विचार वाढला, हे काम शांतपणे झालं पण फार मोठं आहे.

२०२० च्या कोविडमध्ये कॅम्पस बंद झाले तेव्हा कळलं की लेक्चर ऑनलाइन नेणं त्यातल्या त्यात सोपं, अडकलं ते समुपदेशन, सही-शिक्का लागणारे अर्ज, लॅपटॉप नसलेली मुलं. मग ते सगळं घाईघाईत ऑनलाइन आणावं लागलं.

आता पोर्टलवर दिसतं की कोण लॉगिन करत नाहीये, म्हणून काही ठिकाणी मदत मागायची वाट न बघता युनिव्हर्सिटीच आधी फोन करते. ज्याला सगळ्यात जास्त गरज असते तो बहुतेक वेळा विचारतच नाही, आणि पहिल्या असाइनमेंटच्या आतच बरेच जण गळतात, त्यामुळे हा फोन पहिल्या काही आठवड्यांतच जायला हवा.