स्नॅपशॉट, हाय-अव्हेलेबिलिटी क्लस्टरमधील व्हर्च्युअल मशीनचा

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकाची, विशिष्ट क्षणीची स्थिती राखून ठेवण्याच्या आणि पुढे काही बिघडल्यास त्या स्थितीला परतण्याच्या सोयीला स्नॅपशॉट म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचेच नाव चेकपॉइंट असे आहे. नावावरून डिस्कची पूर्ण प्रत निघत असावी असा समज होतो, पण तसे घडत नाही. व्हीएमवेअर व्हीस्फिअर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट घेताच मूळ डिस्क-फाइलीत लिहिणे थांबते आणि पुढचा प्रत्येक बदल डेल्टा नावाच्या वेगळ्या फाइलीत जाऊ लागतो. मूळ फाइल गेली तर उरलेली डेल्टा निरुपयोगी असते. त्यामुळे स्नॅपशॉटला बॅकअप समजणे चूक आहे, मग बॅकअपची बरीच सॉफ्टवेअरे स्वतः तात्पुरता स्नॅपशॉट घेऊनच काम करीत असली तरी.

एकट्या सर्व्हरवर हा प्रकार सहसा निर्धोक असतो. क्लस्टरमध्ये, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्याने सेवा चालू ठेवावी म्हणून जोडलेल्या सर्व्हरांच्या (नोडच्या) गटात, अडचण सुरू होते ती मशीन थांबण्यामुळे. स्नॅपशॉट घेताना, आणि त्याहून अधिक तो काढताना, हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीने चालवणारे सॉफ्टवेअर) मशीनला क्षणभर गोठवतो. याला प्रशासक ‘स्टन’ म्हणतात. एरवी तो जाणवतही नाही, मात्र डेल्टा फुगलेली आणि स्टोरेज संथ असेल तर तो कित्येक सेकंदांपर्यंत लांबू शकतो. विंडोज फेलओव्हर क्लस्टरमधील नोड एकमेकांना दर सेकंदाला हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश, पाठवतात. विंडोज सर्व्हर २०१६ च्या मूळ मांडणीत एकाच सबनेटमधील (नेटवर्कच्या एकाच भागातील) नोडचे लागोपाठ १० हार्टबीट चुकले, की तो नोड बंद पडला असे धरले जाते. लिनक्सवरील कोरोसिंक या क्लस्टर-सॉफ्टवेअरची मुदत तर याहून पुष्कळ कमी असते. गोठलेले मशीन खरे तर धडधाकट असते, पण उत्तर न देणारा नोड आणि मेलेला नोड यांतला फरक इतरांना कळण्याचा मार्ग नसतो. परिणामी सेवा दुसरीकडे हलवली जाते आणि फेन्सिंग (संशयित नोडला क्लस्टरपासून तोडण्याची सोय) असल्यास चांगला चाललेला नोड सक्तीने बंद केला जातो.

मागे परतणे याहून घातक आहे. एट्सीडी या अनेक सर्व्हरांवर चालणाऱ्या डेटाबेसच्या तीन सदस्यांच्या क्लस्टरमध्ये एखादी नोंद पहिल्या दोघांनी स्वीकारली, तिसरा मागे राहिला, तरी बहुमत झाल्याने ती पक्की ठरते. नेमका दुसरा सदस्य जुन्या स्नॅपशॉटवर नेला आणि पहिला बंद पडला, तर दुसरा व तिसरा मिळून बहुमत करतात आणि पक्की झालेली नोंद कोणाचीही तक्रार न येता नाहीशी होते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या वापरकर्ता-नोंदवहीच्या डोमेन कंट्रोलरवर (ती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) याच जातीचा दोष उद्भवत असे: मागे नेलेला सर्व्हर बदलांना जुनेच क्रमांक पुन्हा देई आणि इतर कंट्रोलर ते आधीच मिळाले आहेत असे समजून सोडून देत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपरवायझरने पुरवलेल्या जनरेशन आयडीमुळे (मशीन मागे नेले की बदलणाऱ्या ओळख-क्रमांकामुळे) हे ओळखता येते, अर्थात हायपरवायझरचा त्याला आधार असला तरच.

सुरक्षित पद्धतीत क्रमाला महत्त्व असते. आधी सर्व नोड समक्रमित आहेत आणि डेटास्टोअरवर (मशीनच्या फाइली असलेल्या साठवणीवर) पुरेशी जागा आहे हे पाहतात, कारण डेल्टा वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते आणि जागा संपली तर त्याच डेटास्टोअरवरची इतर मशीनेही थांबू शकतात. मग राखीव नोडवरील भार काढून तो मेंटेनन्समध्ये घेतात आणि मेमरी वगळून स्नॅपशॉट घेतात. त्या वेळी विंडोजमध्ये व्हीएसएस (डिस्कची सुसंगत प्रत घेण्याची विंडोजची सेवा), तर केव्हीएम या हायपरवायझरवरील लिनक्समध्ये गेस्ट एजंट (मशीनच्या आत चालणारा सहायक प्रोग्राम) फाइल-प्रणालीचे लेखन थोपवून धरतो. काम तपासून झाले की स्नॅपशॉट काढायचा, नोड पुन्हा समक्रमित होऊ द्यायचा आणि त्यानंतरच दुसऱ्या नोडला हात लावायचा. दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच वेळी घेण्याची घाई क्लस्टर ठेवण्याचा हेतूच बुडवते. नोडमध्ये सामायिक असलेल्या डिस्कचा स्नॅपशॉट बहुधा घेताच येत नाही. तिथे स्टोरेजच्या किंवा डेटाबेसच्या पातळीवरील सोय वापरावी लागते.

व्हीएमवेअरच्या शिफारशीनुसार एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. साखळीत ३२ पर्यंत स्नॅपशॉट चालतात, तरी कामगिरीसाठी दोन-तीनच असावेत. काढल्यानंतर यादी रिकामी दिसली म्हणून निश्चिंत होणे बरे नव्हे, कारण डेल्टाचे मूळ फाइलीत विलीनीकरण अर्धवट राहिले तरी यादी रिकामीच दिसू शकते. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क-फाइलीच्या नावाला ‘-०००००१’ असे शेपूट दिसत असेल, तर ते अजून डेल्टावरच चालू आहे.